सीलबंद खटल्यातली माझी वर्षं

मेरीलँड आणि उत्तर व्हर्जिनियात जी मराठी कुटुंबं राहतात, त्यांतल्या बऱ्याच घरांत कुणी ना कुणी सरकारी कंत्राटावर काम करतं. कुणी थेट मोठ्या कंपनीत, कुणी तिच्या सब-कॉन्ट्रॅक्टरकडे. मंडळाच्या गणेशोत्सवात ओळख करून देताना माणूस कंपनीचं नाव सांगत नाही, खात्याचं सांगतो. पगार मात्र कंपनी देते आणि कंपनीला पैसे सरकार देतं, बहुतेक वेळा तासांच्या हिशोबाने. मी त्या हिशोबाच्या टेबलावर बसत होते. प्रोजेक्ट कंट्रोल म्हणतात त्या कामाला: कुणी किती तास कुठल्या कोडवर, म्हणजे कुठल्या कामाच्या नावे, टाकले ते पाहायचं, दराने गुणायचं, महिन्याचं बिल आणि त्यामागचे तक्ते तयार करायचे. बिलावर सही प्रोग्राम मॅनेजरची, तक्ते माझे.

याच टेबलावरून मी माझ्या कंपनीवर अमेरिकेच्या फॉल्स क्लेम्स ॲक्टखाली, म्हणजे सरकारला खोटी बिलं देणाऱ्यांविरुद्धच्या कायद्याखाली, दावा लावला. तो दावा मिटला, कोर्टाने सील उघडलं, म्हणजे दाव्यावरची गुप्तता उठवली, म्हणून आता लिहिता येतंय. कंपनीचं आणि खात्याचं नाव इथे लिहिणार नाही. समझोत्याच्या कागदावर हे केवळ आरोप आहेत, जबाबदारी सिद्ध झालेली नाही, असं लिहिलेलं असतं आणि माझ्या सहीनेच ते मान्य झालेलं आहे. मला सांगायची आहे ती वाट. ती आधी कुणी सांगितली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

घोटाळा काय होता ते थोडक्यात. कंपनीकडे एकाच खात्याची दोन कामं होती. एक फर्म फिक्स्ड प्राइस, म्हणजे ठरलेल्या रकमेत काम पुरं करायचं, जास्त तास लागले तर कंपनीच्या अंगावर. दुसरं टाइम अँड मटेरियल, म्हणजे जितके तास लागतील तितके सरकार भरणार. पहिलं काम हाताबाहेर गेलं तसे त्याचे तास दुसऱ्या कामावर जाऊ लागले. सरकारी कंत्राटात टाइमशीट रोजच्या रोज भरायची असते, आणि मागाहून बदल केला की सिस्टीम कारण विचारते. शुक्रवारी दुपारी टीम लीडचा निरोप यायचा की मंगळवार-बुधवारचे तास अमुक कोडवर घ्या. सोमवारी माझ्या रिपोर्टमध्ये बदलांची यादी पडायची: नाव, तारीख, जुना कोड, नवा कोड, आठ तास, आणि कारणाच्या रकान्यात एकाखाली एक तेच वाक्य, ‘चुकीचा कोड निवडला गेला’. एखाद्या नव्या माणसाचा कोड चुकू शकतो. पण अख्ख्या टीमचा, त्याच दोन दिवसांचा, आणि नेहमी एकाच दिशेने?

दुसरी गोष्ट लेबर कॅटेगरीची. कंत्राटात ‘सीनियर’ कुणाला म्हणायचं ते लिहिलेलं असतं: शिक्षण कुठलं, अनुभव किती वर्षांचा. बिलात सीनियरच्या दराने ज्यांचे तास लागत होते त्यांतली काही मुलं नुकती कॉलेजातून आलेली होती. त्यांचा काहीच दोष नव्हता. आपल्या नावापुढे काय दर लागतोय हे त्यांना ठाऊकही नव्हतं. मला होतं, कारण दरांचा तक्ता माझ्याच संगणकावर होता.

माझे वडील महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. लहानपणी घरात टेबलावर कधीकधी एमबी पडलेली असायची, मोजमाप पुस्तक. रस्त्याची लांबी, रुंदी, खडीची जाडी त्यात चढली आणि खाली सही झाली की कंत्राटदाराचं रनिंग बिल निघणार. त्या सहीसाठी आमच्या दारात कोण कोण येऊन बसायचं हे मी पाहिलेलं आहे. त्यामुळे टाइमशीटच्या त्या रिपोर्टकडे पाहताना मला वेगळं काही शिकावं लागलं नाही. ही इथली एमबी होती. जमिनीवर नसलेलं माप पुस्तकात चढत होतं.

आधी आत सांगितलं. मॅनेजरला तोंडी विचारलं, मग ईमेलने, मग कंपनीच्या एथिक्स हॉटलाइनवर. सरकारी कंत्राटदारांना २००८ च्या अखेरीपासून एक नियम लागू आहे: फसवणुकीचा विश्वासार्ह पुरावा सापडला तर कंपनीने तो आपणहून खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलला, म्हणजे खात्यातल्या गैरव्यवहारांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायचा. मला प्रामाणिकपणे वाटलं होतं की हॉटलाइनवर सांगितलं की हे चक्र फिरेल. काही आठवड्यांनी उत्तर आलं की प्रकरणाची तपासणी झाली आणि ते बंद केलं. कुणी तपासलं, काय तपासलं, माझे तक्ते पाहिले का, यातलं काहीही नाही. पुढच्या सोमवारी यादी पुन्हा तशीच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की कंपनीला हे कळलेलं नाही असं नाही. कंपनीला हे हवंच आहे.

वकील शोधणं हा वेगळाच अनुभव. या कायद्यात दावा सरकारच्या वतीने लावायचा असतो, म्हणून तो स्वतः, वकिलाविना चालवता येत नाही. कोर्टांनी हे वारंवार सांगितलेलं आहे. हे वकील आधी पैसे घेत नाहीत, वसुली झाली तर तिच्यातला वाटा घेतात. आणि म्हणूनच ते पारखून घेतात. मी ज्यांच्याकडे गेले त्यांतल्या एकांनी सभ्यपणे नकार दिला, दुसऱ्यांनी परत फोनच केला नाही. ज्या बाईंनी माझी केस घेतली त्यांनी पहिल्याच भेटीत माझा सगळा संताप शांतपणे ऐकून घेतला आणि एकच प्रश्न विचारला: यातलं तू डोळ्यांनी काय पाहिलंस?

मग त्यांनी मला कागदावर तीन रकाने करायला लावले. पाहिलेलं, ऐकलेलं, अंदाज केलेलं. घरी बसून मी ते भरले आणि मला घाम फुटला, कारण इतके महिने ज्याला मी खात्री म्हणत होते त्यातला बराच भाग तिसऱ्या रकान्यात जाऊन पडला. फेडरल कोर्टात फसवणुकीचा आरोप मोघम करून चालत नाही. कुणी, काय, केव्हा, कुठे, कसं, हे सगळं दाव्यात लिहावं लागतं. पण पहिल्या रकान्यात जे उरलं ते भक्कम होतं: तारखा, कोड, बिलांचे क्रमांक, आणि कुणाच्या सांगण्यावरून काय बदललं त्याचे निरोप.

कागदपत्रांबद्दल त्यांनी जे बजावलं ते मी इथे ठळकपणे मांडते, कारण आपल्या माणसांचा पहिला विचार नेमका उलटा असतो. घाईघाईने ऑफिसच्या मेलवरून स्वतःच्या जीमेलवर फायली पाठवायच्या नाहीत. आपल्या रोजच्या कामात जे हाताखालून जातं त्यापलीकडच्या फोल्डरमध्ये डोकावायचं नाही. कंपनीच्या वकिलांशी झालेला पत्रव्यवहार चुकून दिसला तरी उचलायचा नाही. रुग्णांची माहिती, गोपनीय शिक्क्याचा कागद, यांना तर हातच लावायचा नाही. काय ठेवायचं आणि कसं, हे वकिलाला विचारून. कोर्टं व्हिसलब्लोअरला, म्हणजे आतल्या गैरप्रकाराची खबर देणाऱ्याला, कागदांच्या बाबतीत काही मोकळीक देतात, पण ती दाव्यापुरती आणि वाजवी असावी लागते. ट्रक भरून माल नेलेल्या माणसावर कंपनी उलटा दावा ठोकते.

दावा दाखल झाला तेव्हा मी कोर्टात नव्हते. वकिलांनी पहिलं पान दाखवलं. वर मेरीलँडच्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टाचं नाव. वादीच्या जागी ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’, त्याखाली ‘एक्स रेल’, म्हणजे ‘यांच्या सांगण्यावरून’, आणि माझ्या नावाच्या जागी ‘अंडर सील’. प्रतिवादीच्या जागीही ‘अंडर सील’. माझा दावा, पण वादी हा देश. मी ते पान कितीतरी वेळ पाहत होते. आपल्याकडे अन्यायाविरुद्ध आपण अर्ज करतो. खाली ‘आपला नम्र’ लिहितो आणि साहेबांच्या मेहेरबानीची वाट पाहतो. इथे कायदा म्हणत होता की या बाईला जे माहीत आहे ते देशाच्या कामाचं आहे आणि ती या दाव्यात देशाची भागीदार आहे. या एका गोष्टीसाठी मला हा कायदा मनापासून मोठा वाटतो.

तो काही आजचा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सैन्याला निकामी मालाचा पुरवठा करून कंत्राटदार गब्बर होत होते, तेव्हा २ मार्च १८६३ रोजी लिंकनने यावर सही केली. त्या काळी वसुलीतला अर्धा वाटा खबर देणाऱ्याला मिळे. १९४३ मध्ये कायद्याचे दात काढले गेले, कारण लोक सरकारनेच दाखल केलेल्या फौजदारी खटल्यांची नक्कल करून वाटा मागू लागले होते. १९८६ मध्ये सिनेटर ग्रासली आणि प्रतिनिधिगृहातले बर्मन या दोघांच्या पुढाकाराने दात परत बसवले. संरक्षण खात्याला ६४० डॉलरला विकलेल्या टॉयलेट सीटवरून देशभर संताप होता तो हाच काळ. आज नुकसानीच्या तिप्पट रक्कम, शिवाय प्रत्येक खोट्या बिलामागे सुमारे १४,००० ते २८,००० डॉलर दंड, असा हिशोब आहे. सरकारने केस हाती घेतली तर दावा लावणाऱ्याला वसुलीच्या १५ ते २५ टक्के. सरकारने घेतली नाही आणि त्याने एकट्याने लढून जिंकली तर २५ ते ३० टक्के.

सील म्हणजे काय ते सांगते, कारण माझी पुढची वर्षं त्याखाली गेली. दावा गुपचूप दाखल होतो. प्रतिवादी कंपनीला समन्स जात नाही. दाव्याची प्रत आणि आपल्याकडचा जवळजवळ सगळा पुरावा लेखी मांडून देशाच्या ॲटर्नी जनरलना आणि तिथल्या यूएस ॲटर्नीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या त्या भागातल्या वकिलाच्या, ऑफिसला द्यायचा. कायद्याने सील ६० दिवसांचं. प्रत्यक्षात सरकार दर वेळी कारण दाखवून मुदत वाढवून घेतं आणि वर्षं जातात. तेवढ्या काळात दावा आहे हेसुद्धा कुणाला सांगायचं नाही. माझ्या वकिलांनी नवऱ्याला सांगायची मुभा दिली. मैत्रिणी नाहीत, भाऊ नाही, आई-वडील नाहीत. कत्रिना वादळानंतरच्या विम्याच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये ठरवलं की सील मोडलं म्हणून केस आपोआप रद्द होत नाही, पण त्या भरवशावर बोलायला सुरुवात करणारा वकील मला तरी भेटला नाही.

या गुप्ततेचा मला कधीकधी राग यायचा, तरी तिचं मोल मला ठाऊक होतं. सत्येंद्र दुबे यांचं नाव आमच्या घरात माहीत होतं. आयआयटी कानपूरचा अभियंता, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात सुवर्ण चतुष्कोनाच्या रस्त्यावर काम करणारा. कामातला भ्रष्टाचार त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. नाव फायलीबरोबर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची हत्या झाली. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खात्यात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. पुढे २०१० च्या जानेवारीत तळेगाव दाभाड्यात माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी सकाळी फिरायला गेले असताना मारले गेले, तेव्हा आप्पा फोनवर इतकंच म्हणाले, "नाव कळलं की संपलं गं पोरी." भारतात दुबेंनंतर २००४ मध्ये केंद्राने ठराव करून दक्षता आयोगाकडे बंद लिफाफ्यात तक्रार द्यायची सोय केली. २०१४ मध्ये संरक्षणाचा कायदाही झाला. तो अजून अमलात आणलेला नाही. म्हणून सीलच्या नावाने कुरकुर करावीशी वाटली की मी गया आठवायची.

सरकारी वकिलांनी मुलाखतीला बोलावलं. लांब टेबल, एका बाजूला मी आणि माझ्या वकील, समोर यूएस ॲटर्नीच्या ऑफिसातले वकील, न्याय खात्याचे वकील, खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलकडचे एजंट आणि एक लेखापाल. दमदाटी काही नव्हती, पण लाडही नव्हते. प्रत्येक वाक्यानंतर एकच विचारणा: हे तुम्हाला कसं माहीत? तीन रकान्यांचा सराव इथे कामी आला. मी ‘मॅनेजरला माहीत होतं’ म्हटलं की ते थांबवायचे. मॅनेजरने तो मेल उघडला होता का? उत्तर दिलं होतं का? तो बैठकीत बसला होता का? कारण या कायद्यात नुसती चूक पुरत नाही. जाणूनबुजून केलं, किंवा डोळे मिटून घेतले, हे दाखवावं लागतं. शिवाय सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या एस्कोबार निकालापासून आणखी एक प्रश्न कायम असतो: हे खात्याला माहीत असतं तर त्याने पैसे रोखले असते का? लेखापाल गृहस्थ सर्वांत कमी बोलले. त्यांनी बदलांच्या रिपोर्टचं एक पान पुढे ओढलं, बोट एकेका ओळीवरून खाली नेलं आणि विचारलं, "जुना कोड सिस्टीममध्ये पुसला जात नाही ना?" मी म्हटलं, नाही, दोन्ही राहतात. त्यांनी पेनचं टोपण लावलं. काम झालं होतं त्यांचं.

या सगळ्या काळात मी त्याच ऑफिसात नोकरी करत होते. वकिलांचा सल्ला स्पष्ट होता: जे खोटं आहे हे माहीत आहे ते स्वतःच्या हाताने पुढे सरकवायचं नाही. मी लेखी कळवलं की मागाहून हलवलेल्या तासांचे तक्ते मी करणार नाही. मला बिलांच्या कामावरून काढून जुन्या फायलींच्या कामाला बसवलं. बैठकींची आमंत्रणं बंद झाली. वार्षिक मूल्यमापनात कालपर्यंतची बारकाईने काम करणारी मी अचानक ‘सहकार्य न करणारी’ झाले.

आणि मग एके दिवशी सकाळी कंपनीच्या कायदा विभागाचा मेल सगळ्यांना आला. अमुक कंत्राटाशी संबंधित एकही मेल, फाइल, निरोप पुसू नका, पुढील सूचनेपर्यंत सगळं जपून ठेवा. म्हणजे सरकारने कंपनीकडून कागद मागवले होते. ऑफिसभर कुजबुज सुरू झाली. कॉफीच्या मशीनपाशी एक सहकारी मला म्हणाला, कुणीतरी आपल्यातलाच गद्दार आहे, याने पंधरा लोकांच्या नोकऱ्या जातील. तो चांगला माणूस होता, त्याची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात होती. मी मान हलवली आणि जागेवर येऊन बसले. हे मात्र मला कुणीच सांगितलं नव्हतं: ज्यांच्यासाठी आपलं मन तुटतं त्यांच्याशी रोज न बोलता बसावं लागतं. वकिलाला भीती असते ती तोंडातून एखादा शब्द निसटण्याची. मला भीती वाटायची ती अशी की इतकं गप्प बसून मी वेगळीच कुणी होऊन जाईन.

काही महिन्यांनी कामगार कपातीत माझं नाव आलं. आमच्या गटातून एकटीचं. माझं ग्रीन कार्ड झालेलं होतं म्हणून डोक्यावर तलवार नव्हती. एच-वन-बीवर असते तर नोकरी गेल्यापासून साधारण ६० दिवसांत दुसरी नोकरी किंवा परतीची तयारी. या एका कारणाने आपली किती माणसं पाहूनही न पाहिल्यासारखं करतात हे मला ठाऊक आहे, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. सूडाने काढलं तर याच कायद्यात वेगळा दावा आहे: नोकरी परत, बुडालेल्या पगाराच्या दुप्पट, वकिलाचा खर्च. त्याशिवाय कंत्राटदारांच्या नोकरांसाठी खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलकडे तक्रारीची वेगळी सोय आहे. पण हे सगळं पुढे केव्हातरी मिळतं. घराचा हप्ता दर महिन्याला जातो. मुलाखतींत आधीची नोकरी का गेली असं विचारलं की मी कपात एवढंच सांगायची. ते खरंच होतं, फक्त अपुरं. जी नोकरी मिळाली ती कमी पगाराची होती. ती घेतली.

आप्पा दर रविवारी फोनवर विचारायचे, तुझा आवाज असा का येतो? मी थंडीवर ढकलायची. ते आयुष्यभर सरकारी खात्यात राहिलेले, त्यांना कळत असणार. एकदा त्यांनी आपणहून विषय काढला की त्यांच्या काळात एका पुलाच्या एमबीवर सही करायला त्यांनी नकार दिला होता आणि त्यांची बदली गडचिरोलीला झाली होती. आम्ही तेव्हा लहान होतो. आम्हाला वाटलं होतं बढती मिळाली.

या काळात ज्या केसेस मी वाचल्या त्यांनी धीर दिला. रॅनबॅक्सीचे दिनेश ठाकूर यांनी २००७ मध्ये याच मेरीलँडच्या डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा लावला होता. औषधांच्या चाचण्यांची खोटी आकडेवारी आणि ती औषधं सरकारी योजनांना विकलेली. निकाल लागायला २०१३ उजाडलं: ५० कोटी डॉलर, कंपनीने गुन्हेही कबूल केले, ठाकूरांचा वाटा सुमारे ४ कोटी ८६ लाख डॉलर. कंत्राटांच्या जगात बूझ ॲलन हॅमिल्टनची केस माझ्या केसच्या जातीची होती: इतर व्यवसायांचा खर्च सरकारी कंत्राटांवर टाकल्याचा आरोप. आतल्याच एका कर्मचारी बाईने २०१६ मध्ये दावा लावला, २०२३ च्या जुलैत कंपनीने ३७ कोटी ७४ लाख डॉलरवर समझोता केला, जबाबदारी मान्य न करता. बाईंना जवळपास ७ कोटी मिळाले. हे मोठे आकडे वाचून कुणी या वाटेला लागू नये. बहुतेक केसेस सरकार हाती घेत नाही आणि त्यांतल्या बऱ्याच तिथेच मरतात.

माझी घेतली. आधी कोर्टाकडून सील अर्धवट उघडून घेतलं, म्हणजे कंपनीला दावा दाखवून बोलणी करता यावीत. इथून पुढे कंपनीला माझं नाव कळलं, बाकी जगाला नाही. बोलणी कंटाळवाणी आणि लांब. नुकसान किती याचे दोन्ही बाजूंचे लेखापाल वेगवेगळे हिशोब मांडतात. तिप्पट कागदावर असतं. समझोत्यात साधारण दुपटीच्या आसपास व्यवहार होतो, आणि कंपनी भरू शकेल का हेही पाहिलं जातं. या खोलीत मला जागा नव्हती. मसुदा मात्र वाचायला मिळाला. लेबर कॅटेगरीचा आरोप त्यात फक्त काही महिन्यांपुरता धरला होता. मी खूप भांडले. माझ्या वकिलांनी सांगितलं की जितकं सिद्ध होईल तितकंच सरकार धरणार. मला ते आजही पटलेलं नाही.

मिळालेल्या पैशांबद्दल एवढंच: माझा वाटा ठरवायला सरकारशी वेगळी बोलणी झाली, त्यातला मोठा भाग वकिलांचा, आणि उरलेलं साधं उत्पन्न समजून त्यावर कर. वकिलांच्या हिश्शाची वजावट कायद्याने मिळते, ती घेताना जाणकार सीपीए, म्हणजे इथला सीए, हवा. बुडालेला पगार, कमी पगाराची वर्षं हे सगळं भरून निघालं. श्रीमंत झाले नाही, आणि मुळात मी त्यासाठी निघाले नव्हते. पैसे करदात्यांचे होते, त्यांतले काही माझेच होते, आणि ते परत गेले.

सील उघडलं त्या दिवसापासून माझं नाव कोर्टाच्या सार्वजनिक नोंदीत आहे आणि कायमचं राहील. गूगलवर शोधणाऱ्या प्रत्येक एचआरला ते दिसतं. एका ठिकाणी शेवटच्या फेरीनंतर अचानक शांतता पसरली; त्याचं कारण मला कळलं. दुसऱ्या ठिकाणी त्याच कारणाने घेतलं; तिथे मी आज टाइमशीटचं अंतर्गत ऑडिट करते. मंडळात काही जण आवर्जून येऊन बोलले, काही जण बोलायचे कमी झाले. तो सहकारी भेटला. त्याची नोकरी गेली नव्हती. तो म्हणाला, मला सांगायचं होतंस. सांगता येत नव्हतं हे मी समजावून सांगितलं. मुलींची मैत्री टिकली आहे.

आप्पांना मी दाव्याची सगळी पानं छापून पाठवली. इंग्रजी कायद्याची भाषा, तरी त्यांनी शब्दकोश घेऊन शेवटपर्यंत वाचली. फोनवर त्यांनी शाबासकी दिली नाही. म्हणाले, "ते सीनियरच्या दराचं प्रकरण महिनाभर आधीपासून धरायला हवं होतं. तुझ्याच तक्त्यात दिसतंय." त्यांचं बरोबर होतं.

आता लोक मला विचारतात, म्हणून ज्या मुदती मला उशिरा कळल्या त्या सांगून थांबते. दावा लावायला साधारणपणे फसवणूक झाल्यापासून ६ वर्षं मिळतात. नोकरीवरच्या सूडाविरुद्ध ३ वर्षं. एकाच फसवणुकीवर पहिला दावा ज्याचा, त्याचाच. दुसरा आधी गेला तर आपला दरवाजा बंद होतो. माहिती आधीच सरकारी अहवालात किंवा बातम्यांत आली असेल तर बहुधा दावा टिकत नाही. फ्लोरिडातल्या एका फेडरल न्यायाधीशांनी ३० सप्टेंबर २०२४ रोजी झाफिरोव्ह प्रकरणात खाजगी माणसाने देशाच्या वतीने असा दावा लावणंच घटनाबाह्य ठरवलं. त्यावर सरकार अपिलात गेलं आहे, आणि त्याच वर्षात व्हिसलब्लोअरांनी ९७९ नवे दावे लावले, तोपर्यंतच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त. या अपिलाच्या प्रत्येक तारखेवर माझं लक्ष आहे. ज्यांच्या टेबलावर आज तसा रिपोर्ट पडलेला आहे त्यांनी आधी या कायद्यातला वकील गाठावा आणि तोवर कुणाशी बोलू नये, व्हॉट्सॲपवर तर नाहीच.